पाकिटाची मागची बाजू: घटकांची यादी वाचायची कशी

पाकिटाच्या पुढच्या बाजूला उत्पादकाला जे सांगायचं असतं ते असतं. मागच्या बाजूला कायदा त्याला जे सांगायला लावतो ते असतं. म्हणून वाचन मागून सुरू करायचं आणि पुढची बाजू सगळ्यात शेवटी बघायची. भारतात हे मागचं निवेदन अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालच्या लेबलिंग व डिस्प्ले नियम, २०२० प्रमाणे ठरतं. पुढच्या बाजूवरच्या दाव्यांसाठी जाहिरात व दावे नियम, २०१८ आहेत. दोन्ही नियम एफएसएसएआयचे, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. 'कृत्रिम ते सगळं विष आणि नैसर्गिक ते सगळं अमृत' या हिशेबाने लेबल वाचायला गेलात तर चार पाकिटांतच गोंधळ उडेल. आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या मिश्रकांना दिलेला आंतरराष्ट्रीय नंबर. हळदीतला रंग आयएनएस १०० आहे, क जीवनसत्त्व ३०० आहे, पेरूच्या जेलीत आपोआप असणारं पेक्टिन ४४० आहे. उलट साखर, मीठ आणि पामतेल यांना नंबरच नाही, आणि पाकिटातल्या खाण्यातून होणाऱ्या नुकसानीत मोठा वाटा त्यांचाच. कामाचा प्रश्न वेगळा आहे: हा घटक कशाची जागा भरायला घातला आहे? संत्र्याच्या पेयात नारिंगी रंग आणि संत्र्याचा स्वाद दोन्ही वरून घातले असतील, तर तिथे नसलेली गोष्ट म्हणजे संत्रं. हा एक प्रश्न धरून ठेवला की बाकी यादी आपोआप उलगडते.

तयारी

अक्षरं बारीक असतात, काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर उंचीची, आणि चकचकीत प्लास्टिकवर चंदेरी शाईत छापलेली. दुकानात डोळे ताणत बसू नका. फोनने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. फोटो काढताना घडीखालचा मजकूरही उलगडून घ्या, कारण बऱ्याचदा घटकांची यादी नेमकी पाकिटाच्या मागच्या शिवणीत अडकलेली असते. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावं एवढीच सक्ती आहे, मराठीची नाही. त्यामुळे खाली जे शब्द येतील ते पाकिटावर इंग्रजी लिपीत दिसतील हे लक्षात असू द्या.

ऑनलाइन मागवताना मागच्या बाजूचा फोटो पानावर आहे का ते बघा. नसेल तर ती वस्तू दुसऱ्या ठिकाणी शोधलेली बरी.

आधी पदार्थाचं खरं नाव

ब्रँडचं नाव मोठं असतं, पदार्थाचं नाव छोटं. ते छोटं नाव शोधा. बरीचशी फसगत इथेच थांबते.

आइसक्रीमचं उदाहरण घ्या. साध्या आइसक्रीममध्ये किमान १० टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि तो दुधाचाच. शिवाय एका लिटरचं वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी नसावं, म्हणजे हवा भरून फुगवण्यालाही मर्यादा आहे. 'मीडियम फॅट' आणि 'लो फॅट' प्रकारांत स्निग्धांश कमी चालतो, पण दुधाचाच लागतो. त्याच फ्रिजमध्ये, तशाच कोनात, तशाच रंगाचं 'फ्रोझन डेझर्ट' असतं. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, बहुतेकदा पामचं किंवा नारळाचं. ते विकायला कसलीही बंदी नाही, फक्त त्याला आइसक्रीम म्हणता येत नाही. कुल्फीलाही हेच लागू आहे.

चॉकलेटचं तसंच. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि त्याखेरीज दुसरी वनस्पती चरबी तयार मालाच्या ५ टक्क्यांपर्यंतच चालते. तीही घातली असेल तर तसं लेबलवर सांगावं लागतं. केकवर ओतायला मिळणाऱ्या स्वस्त स्लॅबवर 'कंपाउंड' असं लिहिलेलं असतं. त्यात कोको बटरची जागा सगळी वनस्पती चरबीने घेतलेली असते. हातात धरल्यावर लवकर विरघळत नाही आणि तोंडात टाळूला मेणासारखा थर बसतो तो त्यामुळेच.

पनीरच्या बाबतीत 'अॅनालॉग' हा शब्द शोधा. दुधातली चरबी किंवा प्रथिनं काढून त्याजागी पामतेल, स्टार्च किंवा सोया घातलेला तो पर्याय असतो. पाकिटावर तसं छापणं बंधनकारक आहे. हॉटेलच्या ताटात मात्र पाकीट येत नाही. आयोडीनचा थेंब टाकून पनीर निळं-काळं होतं का, ही चाचणी बऱ्याच ठिकाणी सांगतात. ती स्टार्च पकडते, पामतेल नाही. रंग बदलला नाही म्हणजे पनीर दुधाचंच आहे असं समजू नका.

पेयांची उतरंडही नावातच असते. 'फ्रूट ज्यूस' म्हणजे रस. रेडी-टू-सर्व्ह फळपेयात किमान १० टक्के फळाचा रस लागतो, लिंबाच्या बाबतीत ५. पातळ करून प्यायच्या स्क्वॉशमध्ये किमान २५. 'फ्लेवर्ड ड्रिंक' म्हणजे फळ असेल याची कसलीही खात्री नाही. जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ लागतं. 'मिक्स्ड फ्रूट' असेल तर त्या ४५ टक्क्यांत पपई, सफरचंद किंवा केळ्याचा गर किती आणि चित्रातली स्ट्रॉबेरी किती हे यादीत बघा.

'प्रोप्रायटरी फूड' असं काही दिसलं तर घाबरायचं कारण नाही. त्या पदार्थासाठी सरकारने ठरवलेलं स्वतंत्र मानक नाही एवढाच त्याचा अर्थ. पण मग 'यात इतकं तरी असलंच पाहिजे' असा आधारही नसतो. अशा पाकिटाची यादी जास्त बारकाईने वाचा.

क्रम आणि टक्के

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पदार्थ बनवताना जे जास्त घातलं ते आधी. पहिले तीन घटक म्हणजे बहुतेक वेळा पाकिटाचा मोठा भाग. 'आटा' असं ठसठशीत लिहिलेल्या बिस्किटाची यादी 'मैदा, साखर, पामतेल, गव्हाचं पीठ (१५%)' अशी सुरू होत असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. आट्याचं नाव फक्त पुढच्या बाजूला आहे.

कंसातले टक्के कुठून येतात? ज्या घटकाचा शब्दाने, चित्राने किंवा आकृतीने पाकिटावर गाजावाजा केला असेल, त्याचं प्रमाण सांगणं बंधनकारक आहे. समोर बदामाचं चित्र असेल तर मागे बदामाचे टक्के हवेतच. ते शोधा. ०.३ टक्के बदाम म्हणजे १०० ग्रॅमच्या पुड्यात ०.३ ग्रॅम. एक बदाम साधारण १ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे अख्ख्या पुड्यात एका बदामाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

टक्के वाचताना एक चूक उलट्या बाजूनेही होते. केचपवर 'टोमॅटो पेस्ट २८%' बघून लोक नाक मुरडतात. पेस्ट आटवलेली असते. ताज्या टोमॅटोत घनपदार्थ ५ टक्क्यांच्या आसपास, पेस्टमध्ये ते २८-३० पर्यंत नेलेले. म्हणजे १ ग्रॅम पेस्टमागे पाच-सहा ग्रॅम टोमॅटो. पातळ केचपची खूण टक्क्यांपेक्षा पुढच्या घटकांत दिसते: टोमॅटोनंतर लगेच साखर, मग सुधारित स्टार्च आणि घट्ट करणारा ४१५ किंवा ४१२. टोमॅटो पुरेसा असता तर त्याच्याच पेक्टिनने आणि गराने दाटपणा आला असता.

साखरेची फाळणी हा जुना डाव. सगळी साखर एका नावाने लिहिली तर ती पहिल्या क्रमांकावर येते. म्हणून थोडी साखर, थोडं इन्व्हर्ट सिरप, थोडं लिक्विड ग्लुकोज, थोडं डेक्स्ट्रोज, थोडा फळाचा कॉन्सन्ट्रेट असं वाटून घातलं की प्रत्येक नाव खाली घसरतं आणि वर ओट्स राहतात. अशी तीन-चार नावं दिसली तर त्यांची बेरीज पोषण तक्त्यातल्या 'अॅडेड शुगर' ओळीत सापडेल. माल्टोडेक्सट्रिन मात्र त्या ओळीत येत नाही. ते तांत्रिकदृष्ट्या साखर नाही, पण रक्तातली साखर चढवायला ते साखरेइतकंच चपळ आहे. मधुमेह असणाऱ्याने त्या ओळीबरोबर एकूण कर्बोदकांचीही ओळ वाचावी.

जाता जाता उपवास करणाऱ्यांसाठी: माल्टोडेक्सट्रिन आणि स्टार्च बहुतेकदा मक्यापासून बनवतात. रोजच्या वापरातला बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा अर्क, डिंक आणि स्टार्च किंवा धान्याचं पीठ यांचं मिश्रण. 'उपवासाचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या मसालेदार वेफर्सच्या यादीत हे दोन्ही सापडू शकतात. ज्यांना गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे त्यांच्यासाठी तर हिंगाची डबी वाचणं हा केवळ श्रद्धेचा प्रश्न नाही.

नंबर कसे वाचायचे

मिश्रक (अॅडिटिव्ह) लिहिताना आधी त्याचं काम आणि मग नाव किंवा आंतरराष्ट्रीय नंबर लिहावा लागतो: 'इमल्सिफायर (आयएनएस ३२२)'. नंबर पाठ करायची गरज नाही. शेकड्यांवरून साधारण गट कळतो. १०० पासून रंग, २०० पासून टिकवण्यासाठीचे, ३०० पासून अँटिऑक्सिडंट आणि आंबटपणा सांभाळणारे, ४०० पासून दाटपणा आणि मिश्रण धरून ठेवणारे, ५०० पासून फुगवणारे आणि गुठळ्या होऊ न देणारे, ६०० पासून चव वाढवणारे, ९५० च्या आसपास गोडवा देणारे.

रंगांपाशी थांबून नीट बघा. भारतात खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे: टार्ट्राझिन १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसिन १२२, पॉन्सो फोर आर १२४, एरिथ्रोसिन १२७, इंडिगो कार्माइन १३२, ब्रिलियंट ब्लू १३३ आणि फास्ट ग्रीन १४३. त्यांनाही ठरावीक पदार्थांतच मुभा आहे, आणि बहुतेक ठिकाणी कमाल मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. तिखट, हळद, डाळी यांत एकही कृत्रिम रंग चालत नाही. १०२, ११०, १२२ आणि १२४ यांपैकी कुठलाही रंग ज्या पदार्थात असेल त्यावर युरोपीय संघात जुलै २०१० पासून 'मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष देण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो' असा इशारा छापावा लागतो. आपल्याकडे तो इशारा नाही, नंबर आहेत. एरिथ्रोसिनची खाण्यातली परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली. मुलांच्या गोळ्या, जेली, रंगीत सिरप यांत हे सहज टाळता येण्याजोगे आहेत, कारण ते फक्त दिसण्यासाठी असतात. काढले तर पदार्थ बिघडत नाही, फिका दिसतो.

१५० म्हणजे कॅरॅमल, साखर करपवून केलेला तपकिरी रंग. तो पावात दिसला तर विचारा, तपकिरी रंग गव्हाच्या कोंड्याचा का नाही? 'ब्राऊन ब्रेड' वाचताना १५० आणि पहिला घटक मैदा ही जोडी शोधायची. १६० बी म्हणजे शेंदरीच्या बियांचा रंग, १६० सी म्हणजे मिरचीचा. हे दोन्ही वनस्पतीतलेच. १२० हा किड्यापासून काढलेला लाल रंग असल्याने तो घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका येऊ शकत नाही. मांसाहारी चिन्ह आता तपकिरी चौकटीतला त्रिकोण आहे, पूर्वीसारखा गोल नाही.

टिकवणाऱ्यांत २११ (सोडियम बेंझोएट) आणि २०२ (पोटॅशियम सॉर्बेट) सगळीकडे दिसतील. बेंझोएट आंबट पदार्थातच नीट काम करतं, म्हणून ते सरबत, सॉस, लोणच्यात सापडतं. आंबटपणा कमी असेल तर कितीही घालून बुरशी यायची ती येते. २२० ते २२४ हे सल्फाइट. दमा असणाऱ्या काहींना यांचा खरोखरच त्रास होतो. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असतील तर अॅलर्जीच्या ओळीत ते सांगणं बंधनकारक आहे. सल्फाइट फक्त सुक्या जर्दाळूत असतं असा समज आहे, पण बिस्किटांत २२३ बघा. तिथे ते टिकवायला नसतं, कणकेतलं ग्लुटेन सैल पाडून बिस्किट आक्रसू नये म्हणून असतं.

चव वाढवणारे हा प्रामाणिकपणाचा खरा कस. ६२१ म्हणजे अजिनोमोटो या नावाने ओळखलं जाणारं मोनोसोडियम ग्लुटामेट. ते अनेकांना नको असतं, म्हणून 'नो अॅडेड एमएसजी' छापलं जातं आणि मागे ६२७, ६३१ किंवा ६३५ असतं. हे तिन्ही एकटे फारसे चालत नाहीत. ग्लुटामेट सोबत असेल तेव्हाच त्यांचा चवीवर मोठा परिणाम होतो. म्हणजे ते दिसले की ग्लुटामेट दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने आलेलं आहे असं समजावं: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, हायड्रोलाइज्ड भाजीपाला किंवा शेंगदाणा प्रथिन, सोया सॉस पावडर. २०१५ च्या मॅगी नूडल्स प्रकरणात शिशाइतकाच हाही मुद्दा होता, की 'नो अॅडेड एमएसजी' लिहावं की नाही. त्या वर्षी ५ जूनला एफएसएसएआयने माल परत घ्यायचा आदेश काढला आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कंपनीची बाजू ऐकली नव्हती आणि चाचण्या झालेल्या प्रयोगशाळांच्या मान्यतेचा प्रश्न होता. ग्लुटामेट माफक प्रमाणात मोठ्या माणसाला अपाय करतं असं नाही. प्रश्न ते लपवण्याचा आहे.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या '४७१, ६३१ म्हणजे डुकराची चरबी' छाप याद्यांत अर्धं सत्य आहे. ४७१ वनस्पती तेलापासूनही होतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. ६३१ मांस-मासळीपासून किंवा आंबवून, दोन्ही प्रकारे मिळतं. नुसत्या नंबरवरून उगम कळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही नेमकं ६३१ चंच उदाहरण घेऊन म्हटलं होतं, की घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे उघड व्हायला हवं, प्रमाण कितीही कमी असो. ठिपका हिरवा असेल तर ते वनस्पतीतलं किंवा आंबवून केलेलं असणं ही उत्पादकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

काही गोष्टी यादीत येतच नाहीत, हेही माहीत असावं. संयुक्त घटक (समजा, केकवरचं चॉकलेट) एकूण मालाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या आतली यादी, मिश्रकं सोडून, द्यावी लागत नाही. 'मसाले' असा एकच शब्द चालतो. प्रक्रियेत वापरून काढून टाकलेली द्रव्यं आणि फवारणीचे अंश लेबलवर नसतात.

एक पाकीट उलगडून

नमुन्यादाखल संत्र्याच्या पेयाची पूड घेऊ. यादी अशी: साखर, आंबटपणा सांभाळणारे (३३०, ३३१), माल्टोडेक्सट्रिन, मीठ, संत्र्याच्या रसाची पूड (०.५%), स्टॅबिलायझर (४१५, ४६६), गुठळ्या रोखणारा (५५१), क जीवनसत्त्व, स्वाद (नेचर-आयडेंटिकल आणि कृत्रिम), रंग (१०२, ११०).

साखर पहिली, म्हणजे ही मुळात साखरेची पूड आहे. दुसऱ्या क्रमांकावर लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड. संत्र्याचा आंबटपणा तिथून येतो. एका पेल्याला २० ग्रॅम पूड सांगितली असेल तर त्यात संत्र्याची पूड ०.१ ग्रॅम. रसाचा दाटपणा ४१५ आणि ४६६ देतात, वास स्वादातून, रंग १०२ आणि ११० मधून. संत्र्याचं एकेक काम एकेका घटकाने वाटून घेतलंय. पोषण तक्त्यात १०० ग्रॅमला ८८ ग्रॅम अॅडेड शुगर असेल, तर पेल्यात १७.६ ग्रॅम. मध्यम चमचा ५ ग्रॅमचा धरला तर साडेतीन चमचे. यातला एकही घटक बेकायदा नाही. पुढे 'क जीवनसत्त्वाने भरपूर' लिहिलं असेल तर तेही खरंच असेल, कारण ते वेगळं मोजून घातलं आहे.

पोषण तक्त्याचा हिशेब

तक्त्यात १०० ग्रॅमचा आणि एका 'सर्व्हिंग'चा असे दोन स्तंभ असतात. दोन पाकिटांची तुलना फक्त १०० ग्रॅमच्या स्तंभावर करा. सर्व्हिंग उत्पादक ठरवतो. दोन बिस्किटं, २० ग्रॅम शेव, अर्धी बाटली असं काहीही. टक्केवारी ज्या आधारावर असते ते आकडे रोज २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण चरबी, २२ ग्रॅम संपृक्त चरबी, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम अॅडेड शुगर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम. हे मोठ्या माणसाचे आकडे आहेत. पाच वर्षांच्या मुलाला तीच टक्केवारी लावली तर हिशेब चुकतो.

सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. ७० ग्रॅमच्या नूडल्सच्या वडीवर १०० ग्रॅमला १,२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर वडीत ८४० मिलिग्रॅम, म्हणजे २.१ ग्रॅम मीठ. दिवसाच्या ५ ग्रॅमपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एका बशीत संपलं. टेस्टमेकरची पुडी अर्धीच घातली तर हा आकडा बराच खाली येतो, कारण मिठाचा मोठा हिस्सा त्या पुडीतच असतो.

ट्रान्स फॅटच्या ओळीत शून्य असलं तरी यादीत 'हायड्रोजनेटेड' किंवा 'इंटरएस्टरिफाइड' चरबी आहे का बघा. १०० ग्रॅमला ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर 'ट्रान्स फॅट फ्री' म्हणता येतं. जानेवारी २०२२ पासून तेल-चरबीत २ टक्क्यांची कमाल मर्यादा लागू झाल्याने हा धोका कमी झाला. त्याची जागा पामतेलाच्या संपृक्त चरबीने घेतली, म्हणून ती ओळ आता जास्त महत्त्वाची.

आता पुढची बाजू

दाव्यांच्या मागे ठरावीक आकडे असतात. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅम किंवा मिलीला कमाल ०.५ ग्रॅम साखर. 'लो शुगर' घनपदार्थात ५ ग्रॅमपर्यंत, पेयात २.५. 'लो फॅट' घनपदार्थात ३ ग्रॅम, पेयात १.५. 'नो अॅडेड शुगर' लिहायचं तर साखर किंवा साखर असलेला कुठलाही घटक वरून घातलेला नसावा. खजुराची किंवा मनुकांची मूळची साखर त्यात भरपूर असू शकते, म्हणून 'टोटल शुगर' बघा. साखरेऐवजी ९५१, ९५५ असतील तर त्याची वेगळी घोषणा असते, आणि ९५१ म्हणजे अॅस्पार्टेम असेल तर फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांसाठी इशाराही. ९६५ (माल्टिटॉल) भरपूर असलेल्या 'डायबेटिक' बर्फीने पोट बिघडतं आणि तसंही लेबलवर लिहिलेलं असतं, फक्त कोणी वाचत नाही.

'नॅचरल' हा शब्द एकाच मूळ पदार्थाला, त्यात काही न मिसळता विकलं तरच लावता येतो. 'ट्रॅडिशनल' म्हणायला कृती तीस वर्षांहून जुनी हवी. पण असे शब्द ब्रँडच्या नावातच असतील तर पळवाट आहे: 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही' असं छोट्या अक्षरात छापलं की भागतं. ती ओळ दिसली की पुढचं विशेषण वजा करून वाचा. आटवलेल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून केलेल्या रसावरचा '१००% फ्रूट ज्यूस' हा दावा काढायला एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये सांगितलं. किलोला १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर तो 'स्वीटन्ड ज्यूस'.

'नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज' बद्दल इतकंच: वेफर्सना प्रिझर्व्हेटिव्ह लागतच नाही, कारण पाणी नसतं. त्यांचा शत्रू खवट होणारं तेल, आणि त्यासाठी ३१९ घातलं तर ते अँटिऑक्सिडंट या गटात मोडतं. दावा खरा, उपयोग शून्य.

लेबल नसेल तिथे

सुट्या मालाला यादी नसते आणि बेकायदा रंग मुख्यतः तिथेच सापडतात. जानेवारी २०२४ मध्ये म्हापसा नगरपालिकेने कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या कारणाने गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर बंदी घातली. मार्चमध्ये कर्नाटकाने मंच्युरियन आणि बुढ्ढी के बाल यांत रोडामाइन-बी वापरण्यावर कारवाई केली. रोडामाइन-बी हा कापडाचा रंग, खाण्यात कुठेच चालत नाही.

कोकणातून आणलेल्या बिनलेबल कोकम सिरपसाठी घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. चमचाभर सिरप अर्धा कप पाण्यात मिसळा. चिमूटभर खायचा सोडा टाका. फेस येईल, तो बसू द्या, मग पुन्हा चिमूट टाका. फेस येणं थांबेपर्यंत असंच करा. घाई केली तर आम्ल शिल्लक राहून रंग बदलत नाही आणि निष्कर्ष चुकतो. कोकमाचा स्वतःचा रंग जांभळट, मग निळसर-राखाडीकडे वळतो. वरून लिंबू पिळलं की परत लाल होतो. सोडा घालूनही तसाच टवटवीत लाल राहिला तर १२२ सारखा रंग घातलेला असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही रंग मिसळलेले असतील तर मधलाच मळकट रंग येतो आणि खात्रीने काही सांगता येत नाही.

स्वतः विकत असाल तर

लोणची, मसाले, सरबतं विकणाऱ्या बचत गटांनाही हेच नियम आहेत. दर घाण्याला वजन करून लिहा, कारण घटकांचा क्रम अंदाजाने लावला की चुकतो: कैरीच्या लोणच्यात तेल दुसरं की मीठ, हे डोळ्यांनी ठरत नाही. बेंझोएट घातलं असेल तर नंबरासकट लिहा आणि मग 'प्रिझर्व्हेटिव्हविरहित' हा स्टिकर काढा. चटणीत शेंगदाणे, हिंगात गहू. अॅलर्जीच्या ओळीसाठी एवढं तपासा. 'घरगुती' हा शब्द ग्राहकाचा चुकीचा ग्रह होईल असा वापरता येत नाही. उत्पादनाची आणि 'वापरा अमुक तारखेपर्यंत' ही तारीख दोन्ही सक्तीच्या आहेत, नुसतं 'बेस्ट बिफोर' पुरत नाही.

खोटं सापडलं तर

परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे १५, केंद्रीय परवान्याचे ००. त्यानंतरचे दोन वर्षाचे. हा क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का बघा. न जुळणारा क्रमांक ही सगळ्यात ठोस तक्रार.

पाकीट, बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो ठेवा. उरलेला माल फेकू नका. तक्रार 'फूड सेफ्टी कनेक्ट' अॅपवर, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ वर, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते. 'हे आरोग्याला घातक आहे' असं मोघम लिहू नका. 'पुढे बदामाचं चित्र आहे, मागे बदामाचे टक्के दिलेले नाहीत' असं नेमकं लिहा. चुकीच्या लेबलला अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ३ लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ प्रमाणे १० लाखांपर्यंत दंड आहे. कलम ४० खाली ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि दोष सिद्ध झाला तर शुल्क परत मिळतं.